शेतात सापडलेली लष्करी बटणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडातल्या केंट परगण्यातल्या शेतांत मी गेली अकरा वर्षं डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू शोधायचं यंत्र, घेऊन हिंडते. सोन्याचा हंडा अजून मिळालेला नाही. बटणं मात्र लोणच्याच्या तीन बरण्या भरून आहेत. इकडे राहणारी मराठी मंडळी फोटो पाठवून विचारत असतात, आणि पावसाळा सुरू झाला की महाराष्ट्रातूनही फोटो यायला लागतात. तीच तीच उत्तरं लिहून कंटाळले, म्हणून हे पान. सगळं वाचायची गरज नाही. पण पहिल्यांदाच शोधायला निघाला असाल तर प्रश्न २ वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

१. ताई, शेतात पितळेचं गोल बटण मिळालं. लष्करीच असणार ना?

बहुधा नाही. इंग्लंडच्या नांगरलेल्या शेतात सर्वांत जास्त मिळतं ते अठराव्या शतकातलं चपटं, बिननक्षीचं, रुपयापेक्षा मोठं बटण. ते गावकऱ्यांच्या कोटांचं असतं. त्यावर काहीच नसेल तर ते कोणाचं हे कोणीही सांगू शकत नाही, मीही नाही.

नक्षी असली तरी घाई नको. बड्या घराण्यांतले गाडीवान, दरवान, वाढपी यांच्या अंगावर मालकाच्या घराण्याचं चिन्ह असलेली बटणं असत. त्यावर एखादा प्राणी, हात किंवा पक्षी असतो आणि त्याच्या पायाखाली पीळ दिलेल्या दोरीसारखी आडवी पट्टी असते. ती पट्टी दिसली की नव्वद टक्के वेळा बटण नोकराचं, शिपायाचं नव्हे. याशिवाय रेल्वे, पोलीस, टपाल, अग्निशमन दल, शाळा, बोटींच्या कंपन्या या सगळ्यांनी बटणं काढली होती. रेल्वेच्या बटणावर अक्षरं गुंफलेली असतात, पोलिसांच्या बटणावर बऱ्याचदा परगण्याचं किंवा शहराचं नाव.

लष्करी बटणावर साधारण यांपैकी काहीतरी दिसतं : पलटणीचा आकडा, राजचिन्ह, तोफ, बिगुल, जहाजाचा नांगर, किंवा मुकुटासह रेजिमेंटचं नाव.

२. डिटेक्टर विकत घेतला. आता कुठल्याही शेतात जाऊ शकतो का?

नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक जमिनीला मालक आहे आणि त्याची परवानगी लागतेच. पायवाट सार्वजनिक असली तरी त्या पायवाटेवर खणण्याचा हक्क आपल्याला नाही. परवानगी लेखी घ्या, आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी व्हायची तेही त्याच कागदावर लिहा. शेतकरी चहा पाजतो, गप्पा मारतो, म्हणून कागद मागायची आपल्याला भीड पडते. भीड बाजूला ठेवा.

संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवान्याशिवाय डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, मालकानं होकार दिला तरी. टेम्सच्या काठावरच्या चिखलात शोधायला लंडनच्या बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो. संरक्षण खात्याच्या जमिनीचं नाव काढू नका. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळा : तिथे सापडलेली पुरातन वस्तू राजसत्तेची मानतात आणि ती कळवावी लागते. डब्लिन किंवा बेलफास्टमध्ये असाल तर डिटेक्टर कपाटातच ठेवा. दोन्हीकडे परवान्याशिवाय पुरातन वस्तू शोधत फिरणं बेकायदा आहे. महाराष्ट्रासाठी प्रश्न १७ पाहा.

३. बटणाचा सिग्नल ओळखता येतो का?

खात्रीनं नाही. पितळी बटण नाण्यासारखंच खणखणीत वाजतं. जुनं प्यूटरचं, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचं बटण मधल्या पट्ट्यात वाजतं. चांदीची पातळ नाणीही तिथेच वाजतात आणि ॲल्युमिनियमच्या डब्यांची झाकणंही. म्हणून मधले आकडे मशीनवर बंद करून ठेवणाऱ्याला प्यूटरची बटणं आयुष्यात मिळत नाहीत. शंभर झाकणं खणायची तयारी ठेवा.

४. आमच्या शेतात एका दिवसात नऊ लष्करी बटणं निघाली. इथे लढाई झाली असेल का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त आवडतो, कारण खरं उत्तर लढाईपेक्षा मजेदार आहे.

यॉर्कशरमधल्या बॅटली गावात १८१३ च्या सुमारास बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं जुन्या लोकरी चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याची युक्ती शोधली. या कापडाला शॉडी म्हणत. बॅटली आणि ड्यूसबरी ही गावं त्यावर मोठी झाली. सर्वांत उत्तम चिंध्या कुठल्या? लष्कराच्या. जाड लोकर, एकसारखा रंग, आणि लढाई संपली की डोंगरभर माल. युरोपातूनही जुने कोट या गिरण्यांकडे येत. बायका बसून शिवणी आणि बटणं कापून काढत, पण काही बटणं निसटायचीच. सूत काढण्यालायक न राहिलेला चुरा खत म्हणून विकला जाई, कारण लोकर जमिनीत सावकाश कुजते आणि नत्र देते. यॉर्कशरमध्ये तो चुरा रुबार्बच्या पिकाला घालत आणि इकडे केंटमध्ये बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या मळ्यांना. म्हणजे तुमच्या शेतातलं बटण घालणारा शिपाई या गावात पाऊलही न ठेवता गेला असेल. त्याचा कोट मात्र पोत्यातून आला.

दुसरी वाट शहराच्या कचऱ्याची. लंडनची राख, उकिरडा आणि मैला होड्यांत भरून आसपासच्या शेतांवर टाकत. तिसरी वाट अगदी साधी : सुटलेला शिपाई तोच कोट घालून शेतावर मजुरी करायचा, कोट फाटला की तो बुजगावण्याला.

चौथी वाट छावण्यांची, आणि केंटमध्ये ती खरीच आहे. मेडस्टोनजवळ कॉक्सहीथच्या माळावर १७७८ साली फ्रेंच आक्रमणाच्या भीतीनं प्रचंड तळ पडला होता. फोकस्टनजवळच्या शॉर्नक्लिफला १८०३ पासून जॉन मूर या सेनानीनं हलक्या पायदळाला तालीम दिली. अशा ठिकाणी एकाच काळातली, एकाच-दोन पलटणींची बटणं, शिशाच्या गोळ्या आणि पट्ट्यांच्या कड्या एकत्र मिळतात. शॉडीच्या शेतात मात्र सगळी खिचडी असते : एक तोफखान्याचं, एक फ्रेंच, एक रेल्वेचं. तुमची नऊ बटणं ओळीत मांडा. खिचडी असेल तर लढाई विसरा.

५. बटण चिंचेनं घासलं तर चालेल का? आमच्याकडे समई तशीच लखलखते.

हात जोडते, नको. समई भरीव पितळेची असते. बटणावर बऱ्याचदा सोन्याचा इतका पातळ मुलामा असतो की चिंच, लिंबू, व्हिनेगर यांपैकी काहीही लागलं की मातीबरोबर तोही जातो. माझं पहिलं अधिकाऱ्याचं बटण मी स्वतः लिंबू-मीठ लावून घासलं होतं. दहा मिनिटांत ते चकचकीत, गुलाबी आणि कवडीमोल झालं. अजून पहिल्या बरणीत सर्वांत वर ठेवलंय, आठवण म्हणून.

घरी आणून सावलीत वाळू द्या. माती सुकली की मऊ ब्रशनं आणि दात कोरायच्या काडीनं काढा. पाणी वापरायचंच तर डिस्टिल्ड आणि थोडं. प्यूटरचं बटण भुगा होण्याच्या बेताचं असतं, त्याला काडीसुद्धा जपून लावा. हिरवा गुळगुळीत थर राहू द्या, तोच त्याचं संरक्षण करतो. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर मात्र तो रोग आहे. ते बटण वेगळ्या डबीत सिलिका जेलच्या पुडीबरोबर कोरडं ठेवा. शेवटी संग्रहालयांत वापरतात तसं मायक्रोक्रिस्टलाइन मेण बोटानं हलकंसं लावलं की झालं. आणि शेतात उभ्या उभ्या अंगठ्यानं चोळून 'काय आहे बघू' करू नका. वाळूचे कण मुलामा खरवडतात.

६. ओळखायला सुरुवात कुठून करू?

उलट्या बाजूनं. सगळे आधी चित्र बघतात, पण काळ सांगते ती पाठ.

एकाच तुकड्यात ओतलेलं, करडं, जड वाटणारं आणि मागे गंजाचं भोक असलेलं बटण बहुतेक प्यूटरचं. त्याची कडी लोखंडी तारेची होती, ती गंजून गेली. चपट्या चकतीला मागून पितळी तारेची कडी डाख दिलेली असेल तर अठरावं शतक किंवा एकोणिसाव्याची सुरुवात. पुढचा पत्रा मागच्या पत्र्यावर दुमडून बसवलेला, आतून पोकळ असेल तर ते १८१३ नंतरचं. त्या वर्षी बर्मिंगहॅमच्या सँडर्सनं ही दोन तुकड्यांची पद्धत आणली. वजनाला पिसासारखं आणि सोनेरी रंग अजून झळकतोय? ते रंग चढवलेलं ॲल्युमिनियम. १९५० च्या दशकानंतरचं. नांगराखाली तुमच्या वडिलांच्या वयाचं आहे, एवढंच.

मग माप घ्या. कोटाच्या छातीवरचं बटण साधारण २३ ते २६ मिलिमीटर, खांद्याचं, बाहीचं किंवा टोपीचं १५ ते १७. मग धातू, आणि सर्वांत शेवटी चित्र. मागे अक्षरं असतील तर प्रश्न १० पाहा.

७. बटणावर मुकुट आहे. तो कोणाचा, कसं कळणार?

व्हिक्टोरिया राणीच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खोगिरासारख्या खाली दबलेल्या असतात. १९०१ नंतरच्या राजांचा मुकुट घुमटासारखा वर फुगलेला. तो १९५२ पर्यंत चालला. दुसऱ्या एलिझाबेथचा मुकुट पुन्हा मध्ये दबका आहे, त्यामुळे तो व्हिक्टोरियाच्या मुकुटाशी गल्लत करायला लावतो. तिथे धातू बघा : एलिझाबेथच्या काळातली बरीचशी बटणं ॲल्युमिनियमची. आता तिसऱ्या चार्ल्सनं पुन्हा घुमटाचा मुकुट घेतलाय, म्हणजे पुढच्या पिढीतल्या शोधणाऱ्यांच्या डोक्याला ताप.

व्हिक्टोरियाच्या आधीच्या जॉर्ज राजांचे मुकुट कारागीर मनास येईल तसे कोरत. त्यांच्यावरून साल काढू नका.

८. नुसता आकडा आहे, नाव नाही. हे काय?

नशीबवान आहात. ब्रिटिश पायदळाच्या पलटणींनी बटणावर आपला क्रमांक घालावा असा हुकूम १७६७ साली निघाला. त्याआधीची शिपायांची बटणं गावकऱ्यांच्या बटणांसारखीच, म्हणून १६४० च्या दशकातल्या यादवी युद्धाचं 'लष्करी बटण' असं काही ओळखताच येत नाही. तशी जाहिरात दिसली तर पुढे जा.

शिपायांची बटणं १८५५ पर्यंत प्यूटरची होती, मग पितळेची झाली. १८७१ मध्ये शिपायांच्या बटणांवरून आकडा गेला (प्रश्न ९). अधिकाऱ्यांच्या बटणांवर तो १८८१ पर्यंत राहिला. त्या वर्षी पलटणींचे आकडे जाऊन परगण्यांची नावं आली. म्हणजे प्यूटर आणि आकडा एकत्र दिसले की काळ १७६७ ते १८५५, आणि पितळ आणि आकडा दिसले की शिपायाचं असल्यास जेमतेम सोळा वर्षांचा पट्टा. इतकं नेमकं साल नाणंही कधी कधी देत नाही.

अधिकाऱ्यांचं बटण चांदीचा मुलामा दिलेलं असेल तर आणखी एक खूण आहे. १८३० मध्ये नियमित फौजेच्या सगळ्या अधिकाऱ्यांना सोनेरी किनार ठरवली गेली आणि रुपेरी रंग मिलिशियाकडे, म्हणजे परगण्यांच्या राखीव फौजेकडे, राहिला.

दोन अडचणी सांगून ठेवते. मुकुट किंवा चौकट नसेल तर वर-खाली कळत नाही : ६६ आणि ९९ दोन्ही पलटणी होत्या, आणि ६८ उलटं धरलं की ८९ होतं. दुसरी, फ्रेंच पलटणींच्या बटणांवरही आकडाच असतो (प्रश्न १४).

१०१ ते १०९ हे आकडे मात्र आपल्या कामाचे. कंपनी सरकार गेल्यावर तिच्या गोऱ्या पलटणी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला राणीच्या फौजेत घेतल्या, त्यांना हे क्रमांक मिळाले. त्यातल्या १०३, १०६ आणि १०९ या मुंबईच्या.

९. सिंह, शिंगवाला घोडा आणि मध्ये ढाल. फार जुनं वाटतंय!

वाटतं खरं. हे सर्वसाधारण सेवेचं बटण. १८७१ पासून बहुतेक शिपायांना हेच दिलं गेलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत ५० लाखांवर माणसं होती आणि प्रत्येकाच्या अंगरख्यावर समोर पाच बटणं, शिवाय खिशांची आणि खांद्यांची. हिशेब करा. माझी दुसरी बरणी याच बटणांची आहे.

मुकुटावरून राणीचं की राजाचं ते ठरवा (प्रश्न ७). ढालीकडेही बघा, कारण राजचिन्ह इतर जुन्या बटणांवरही येतं. ढालीच्या एका चौकोनात फ्रेंच लिलीची फुलं असतील तर बटण १८०१ च्या आधीचं. मधोमध छोटी ढाल आणि तिच्यावर टोपी असेल तर १८०१ ते १८१६. टोपीच्या जागी मुकुट असेल तर १८१६ ते १८३७. मधली ढालच नसेल तर १८३७ नंतरचं. ती ढाल जर्मनीतल्या हॅनोव्हर राज्याची. तिथे बाईला गादी मिळत नसे, म्हणून व्हिक्टोरिया आली आणि ढाल गेली.

१०. मागे काही नावं कोरली आहेत. ती शिपायाची का?

नाही, कारखानदाराची. बहुतेक लंडन आणि बर्मिंगहॅमचे : फर्मिन, जेनन्स, हॅमंड टर्नर, स्मिथ अँड राइट, गाँट, बटन्स लिमिटेड. कंपनीचं नाव आणि पत्ता वेळोवेळी बदलत गेला, त्यामुळे पत्त्यावरून काळ काढता येतो. नावापुढे 'लिमिटेड' असेल तर उशिराचा व्हिक्टोरियाकाळ किंवा त्यानंतर. गाँटची पेढीच १८८४ ची, म्हणजे तिचं नाव असलेलं बटण १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईचं असू शकत नाही, विकणारा काहीही म्हणो.

'तिप्पट मुलामा', 'उत्तम रंग', 'सर्वोत्कृष्ट' असं इंग्रजीत लिहिलेलं असलं तर ती फक्त जाहिरात.

११. नांगर असला की नौदलाचं ना?

नौदल, व्यापारी बोटी, नौकानयन क्लब, आणि लहान मुलांचे खलाशी पोशाखसुद्धा. राजनौदलाच्या अधिकाऱ्यांच्या बटणावर नांगराभोवती दोर गुंडाळलेला असतो, आणि १८१२ पासून नांगरावर मुकुट आला. मुकुटाविना, चपटं आणि चांगल्या मुलाम्याचं असेल तर ते त्याआधीचं असू शकतं. तेव्हा फोटो पाठवा.

१२. बटणावर वाघ आहे! भारतीय पलटणीचं बटण इंग्लंडात कसं आलं?

वाघ भारतीय आहे, पलटण नाही. लेस्टरशर, हॅम्पशर आणि यॉर्क अँड लँकेस्टर या तीन इंग्लिश रेजिमेंटांनी वाघ मिरवला, कारण त्यांच्या जुन्या १७, ६७ आणि ६५ क्रमांकाच्या पलटणी हिंदुस्थानात वर्षानुवर्षं होत्या. लेस्टरशरच्या वाघासोबत 'हिंदोस्तान' अशी अक्षरं असतात. ती पलटण हिंदुस्थानात १८०४ ते १८२३ होती.

६७ वी १८०५ ते १८२६ होती. १८१८ च्या रायगडच्या वेढ्यात तिचे सैनिक होते. हॅम्पशरच्या एखाद्या शेतकऱ्याला हा वाघ सापडतो तेव्हा त्याच्यासाठी ते त्याच्या परगण्याचं गोंडस चिन्ह असतं. मी एकदा अशाच एका शेतकऱ्याला रायगड म्हणजे काय ते बांधावर बसून सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, 'मग हे तूच ठेव.' ठेवलंय.

हत्तीची गोष्टही तशीच. पाठीवर अंबारी असलेला हत्ती ७६ व्या पलटणीचा, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन रेजिमेंटचा. ही पलटण १८०३ मध्ये जनरल लेकबरोबर अलीगड, दिल्ली आणि लासवारीला शिंद्यांच्या फौजेशी लढली. नुसता हत्ती आणि 'असाये' हा शब्द दिसला तर ती ७४ किंवा ७८ क्रमांकाच्या स्कॉटिश पलटणींची खूण : २३ सप्टेंबर १८०३, जालन्याजवळची असईची लढाई.

१३. खरंखुरं मराठा पलटणीचं किंवा कंपनी सरकारचं बटण इंग्लंडात मिळू शकतं का?

मिळू शकतं, पण ते गोऱ्या अधिकाऱ्याचं असण्याची शक्यता जास्त. निवृत्त होऊन परतलेले अधिकारी पेटाऱ्यातून कोट घेऊन आले. चेल्टनहॅमसारखी गावं अशा लोकांनी भरली होती. कोट जुने झाले, माळ्याला दिले, आणि पुढचा प्रवास प्रश्न ४ प्रमाणे.

कंपनीची बटणं मिळण्याच्या नेमक्या जागाही आहेत. कंपनीच्या गोऱ्या रंगरुटांचा तळ आधी केंटमध्येच चॅटमला होता. १८४३ पासून तो एसेक्समधल्या वॉर्लीला गेला. तोफखान्याचे आणि इंजिनिअर शाखेचे कॅडेट क्रॉयडनजवळच्या ॲडिसकमला १८०९ ते १८६१ शिकत. कंपनीच्या बटणाची खूण म्हणजे मागच्या पायांवर उभा, पंजात मुकुट धरलेला सिंह. लॅटिन अक्षरं असतील तर त्यांचा अर्थ 'इंग्लंडचा राजा आणि संसद यांच्या आश्रयानं'.

मराठा पलटणींसाठी बिगुल आणि आकडा शोधा. १९२२ पूर्वी हिंदी फौजेच्या यादीत (प्रश्न ८ मधल्या गोऱ्या पलटणींच्या नव्हे) १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ हे क्रमांक मराठ्यांचे होते. मग त्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली आणि केंद्र बेळगावला आलं. १०५ वीचं मूळ अठराव्या शतकातलं. जुने लोक तिला अजून 'काळी पाचवी' म्हणतात. पण बिगुल ही हलक्या पायदळाची सर्वसाधारण खूण आहे, ती डरॅमच्या आणि सॉमरसेटच्या बटणांवरही असते. बिगुल दिसला की लगेच बेळगावला फोन लावू नका.

१४. ही नक्षी ब्रिटिश वाटत नाही.

मेपलचं पान : कॅनडा. ऑस्ट्रेलियाचा नकाशा : ऑस्ट्रेलिया. पसरलेल्या पंखांचा गरुड : बहुधा अमेरिका. दोन्ही महायुद्धांत त्यांचे तळ इथे होते, सॉल्झबरी पठारावर आणि केंटच्या किनाऱ्यावर तर मोठाले. मुकुटाखाली उडणारा पक्षी मात्र ब्रिटिश वायुदलाचा.

फ्रेंच आकड्याची बटणं केंब्रिजशरमधल्या नॉर्मन क्रॉस किंवा डार्टमूरच्या परिसरात निघाली तर नेपोलियनच्या युद्धकैद्यांचा विचार करायला जागा आहे. तिथे त्यांचे तुरुंग होते. हॉप्सच्या मळ्यात निघाली तर शॉडी.

१५. किंमत किती येईल? सरकारला द्यावं लागेल का?

महायुद्धातल्या राजचिन्हाच्या बटणाला एका चहाची किंमत येते. वाचता येणारा आकडा असलेलं प्यूटरचं बटण, नेपोलियनकाळातलं अधिकाऱ्याचं किंवा कंपनी सरकारचं बटण यांना संग्राहक बरे पैसे देतात, पण परवानगीच्या कागदाप्रमाणे शेतकऱ्याचा वाटा विसरू नका.

इंग्लंड, वेल्समध्ये १९९६ च्या कायद्यात साधं पितळी किंवा प्यूटरचं बटण 'ट्रेझर', म्हणजे सरकारला कळवावा लागणारा ठेवा, ठरत नाही. सोन्या-चांदीचं आणि ३०० वर्षांहून जुनं असेल तर ठरतं, आणि मग १४ दिवसांत कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. छोट्या चांदीच्या बटणांबाबत लोक इथेच फसतात : ती सतराव्या शतकातली असू शकतात. २०२३ पासून आणखी एक कलम आलंय : धातूची वस्तू २०० वर्षांहून जुनी आणि असामान्य महत्त्वाची असेल तर तीही 'ट्रेझर' ठरू शकते. शंका आली तर तुमच्या परगण्यातल्या पुरातन वस्तू नोंदणी योजनेच्या अधिकाऱ्याला विचारा. ही माणसं पगार घेऊन तुमचे प्रश्न ऐकतात आणि फार गोड असतात.

१६. त्या अधिकाऱ्यानं माझं बटण नोंदवलं नाही. मग जागा लिहून ठेवण्यात काय अर्थ?

ही योजना १९९७ पासून चालू आहे आणि तिचा भर १७०० च्या आधीच्या वस्तूंवर आहे. लष्करी बटणं बहुतेक त्यानंतरची, म्हणून मोजकीच नोंदली जातात. तेव्हा वही आपणच ठेवायची. मोबाइलवरून जागेचे आकडे घ्या आणि तारीख, खोली, शेजारी काय मिळालं ते लिहा. प्रश्न ४ मधली खिचडी की छावणी ही परीक्षा नकाशावर ठिपके मांडल्याशिवाय करताच येत नाही. माझ्या पहिल्या बरणीतली बटणं कुठल्या शेतातली ते मला आठवत नाही. म्हणून ती नुसती बटणं आहेत. तिसऱ्या बरणीतल्या प्रत्येकाला चिठ्ठी आहे.

पण एक करा : पुढच्या वेळी पहिला दिवस संपायच्या आत चिठ्ठी लिहा. 'घरी जाऊन लिहू' म्हटलं की संपलं.

बटणाबरोबर हाडं, काडतुसं किंवा विमानाचा पत्रा निघाला तर वही मिटवून खणणं थांबवा. हाडं दिसली की पोलीस. तोफगोळा किंवा हातबॉम्बसारखं काही दिसलं तर हात न लावता दूर जा आणि ९९९ ला फोन करा. कोसळलेल्या लष्करी विमानाच्या जागेला १९८६ च्या कायद्याचं संरक्षण आहे. संरक्षण खात्याच्या परवान्याशिवाय तिथे खणता येत नाही, शेतकऱ्याची कितीही मैत्री असो.

१७. मी पुण्याचा. पावसानंतर गडावर असं बटण मिळालं तर घेऊन येऊ का? डिटेक्टर मागवू का?

डिटेक्टर मागवू नका. रायगडासारखे गड केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, इतर अनेक १९६० च्या राज्य कायद्याखाली. तिथे खणणं, वस्तू उचलणं दोन्ही बेकायदा. तुमच्या स्वतःच्या शेतात मिळालं तरी १८७८ चा भूमिगत निधीचा कायदा लागू होतो : जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू मिळाली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. हो, दहा रुपये. आकडा अजून तोच आहे. आणि १९७२ च्या कायद्यात १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, म्हणजे तिचा व्यापार आणि देशाबाहेर नेणं यांवर बंधनं आली. इंग्लंडातल्या मावशीला कुरिअरनं पाठवणं त्यात आलंच.

खडकी, पुणे, देवळाली इथल्या कॅन्टोन्मेंटच्या जमिनींवर तर मुळीच नको. त्या संरक्षण खात्याच्या. देवळालीत मायदेशी परतणारे गोरे शिपाई बोटीची वाट बघत महिनोन् महिने पडून असत, आणि त्या वाट बघण्यानं डोकं फिरण्याला इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्दच तयार झाला. त्यांनी तिथे किती बटणं पाडली असतील, हा विचार माझ्याही मनात येतो. विचारावरच थांबते.

गडावर चुकून बटण दिसलंच तर जागेवरच, नाणं शेजारी ठेवून फोटो घ्या आणि गडावरच्या पहारेकऱ्याला किंवा खात्याच्या कार्यालयाला दाखवा.

१८. आजोबा फौजेत होते. त्यांच्या ट्रंकेत कोट आहे, बटणं काळी पडली आहेत. ती काढून चमकवू का?

काढू नका आणि चमकवू नका. कोटावरची बटणं ही मातीतल्या बटणांपेक्षा कितीतरी बोलकी असतात, कारण ती जागेवर आहेत. किती आहेत, एखादं वेगळ्या जातीचं शिवलंय का, दोरा कुठला, हे सगळं टिपा. अधिकाऱ्यांची काही बटणं मुळातच काळपट कांस्याची होती, रणांगणावर चमकू नयेत म्हणून; ती 'काळी पडलेली' नसतात. कोट कापसाच्या जुन्या स्वच्छ साडीत गुंडाळा, डांबराच्या गोळ्या कापडाला न लागता ठेवा, आणि बटणांमागे पातळ कागद घाला म्हणजे हिरवा डाग लोकरीला लागणार नाही.

१९. फोटो कसा पाठवू?

पुढचा एक, पाठीचा एक, कडेचा एक. शेजारी पट्टी किंवा नाणं. खिडकीजवळ, एका बाजूनं पडणाऱ्या उजेडात काढा. फ्लॅश मारला की आकडे पुसट होतात. वाचता येत नसेल तर बटणावर पीठ किंवा खडू चोळू नका, उजेड फिरवून चार फोटो घ्या. परगणा लिहा, शेताचा नेमका पत्ता नको. तो तुमच्यात आणि शेतकऱ्यात राहू दे. आणि 'ताई, हे काय आहे' एवढाच निरोप टाकून तळहातावरच्या चिखलाच्या गोळ्याचा फोटो पाठवलात, तर मी उत्तरात माझ्या तळहातावरच्या चिखलाचा फोटो पाठवते.